जहाज निवडण्याआधी



पन्नाशी गाठायच्या आत सगळ्यांनी मिळून एकदा क्रूझवर जायचं, असं आपल्या ग्रुपवर ठरलं आणि तेव्हापासून रोज नवनव्या जहाजांचे फोटो येऊन पडतायत. कुणी सिंगापूर म्हणतंय, कुणी गोवा, कुणी लक्षद्वीप. 'ती कॉम्प्युटरवाली आहे, तिला माहिती काढू दे,' असं म्हणून समितीने ते काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणून आज दहा मिनिटं तुमच्यासमोर उभी आहे. सर आणि बाई समोर बसलेत, तेव्हा गृहपाठ पूर्ण करून आले आहे.

आमच्या धंद्यात एखादं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं की पहिला प्रश्न असतो, हे वापरणार कोण? मशीन कुठलं घ्यायचं, ते नंतर. जहाजाचंही तसंच आहे. हॉटेल आवडलं नाही तर आपण दुसऱ्या दिवशी बदलतो. जहाज बंदरातून सुटलं की तीच माणसं, तेच जेवणघर, तोच रात्रीचा आवाज. म्हणून 'जहाज कुठलं?' याच्या आधी 'आपल्याला संध्याकाळ कशी हवी?' हे विचारायचं. गप्पांची हवी, नाचण्याची हवी, की गॅलरीत शांत बसण्याची?

आपल्या आजी-आजोबांना हा प्रश्न पडला नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोट सुटायची, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं आपल्यातल्या कोकणातल्या घरांमध्ये अजून निघतात. डेकवर वळकटी पसरायची, घरून आणलेला डबा सोडायचा आणि बंदर आलं की होडीत उतरायचं. बोट म्हणजे गावाला पोचण्याचं साधन होतं. आजच्या क्रूझवर पोचायचं कुठे हे दुय्यम, जहाज हेच मुक्कामाचं गाव. गाव म्हटलं की त्याला स्वभाव आलाच.

मुंबईतूनच पाहा. २०१८ साली 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. सुमारे चारशे प्रवाशांची, आटोपशीर, रात्रभर प्रवास करून सकाळी गोव्याला पोचणारी. ती फार काळ टिकली नाही. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' आहे. हे जहाज १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीकडे दाखल झालं होतं. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हापासून ते समुद्रात आहे. त्यावर हिंदी गाण्यांचे कार्यक्रम, कॅसिनो, पोहण्याचा तलाव आणि जैन जेवणाचीही सोय आहे. २०२३-२४ च्या हंगामात इटलीच्या कंपनीचं 'कोस्टा सेरेना' मुंबईहून फिरून गेलं. तीन जहाजं, तीन स्वभाव.

आता स्वभाव ओळखायचा कसा? चार खुणा सांगते.

पहिली खूण जागेची. प्रत्येक जहाजाचं ग्रॉस टनेज दिलेलं असतं. ते वजन नसून जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागायचं. गणिताच्या बाई, भागाकार आज उपयोगी पडला. 'एम्प्रेस'चं माप सुमारे ४८,५०० आणि केबिन आठशेच्या आसपास. एका केबिनमध्ये दोघं धरली तर १,६०० माणसं, म्हणजे माणशी ३० आलं. वायकिंग कंपनीचं 'वायकिंग स्टार' साधारण तेवढंच, ४७,८००, पण प्रवासी फक्त ९३०. भागाकार ५१. जागा जवळपास सारखी, पण एकीकडे लग्नघर, तर दुसरीकडे वाचनालय. वायकिंगच्या जहाजांवर १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही आणि कॅसिनोही नाही. भाडंही त्याच हिशेबाने चढतं. उलट २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' अडीच लाखांच्या घरातलं, वीस मजली. तिथे भागाकार ४४ येतो, म्हणजे माणशी जागा भरपूर. पण पाण्याच्या घसरगुंड्या सहा आणि तलाव सात! तेव्हा नुसत्या भागाकारावर जाऊ नका, ती जागा कशाला दिली आहे तेही बघा.

दुसरी खूण कंपनीची. डिस्नेचं जहाज मुलांसाठी. क्यूनार्डच्या 'क्वीन मेरी २' वर काही संध्याकाळी सूट-गाऊन घालून जेवायला जाण्याची रीत. कोस्टा आणि एमएससी इटालियन वळणाच्या, तिथे एकच सूचना चार-पाच भाषांमध्ये ऐकायची तयारी ठेवा. रॉयल कॅरिबियनवर दिवसभर काही ना काही चालूच. यात चांगलं-वाईट काही नाही. ज्याला मिरची गल्लीतली गजबज आवडते त्याला वडाळे तळ्याचा काठ कंटाळवाणा वाटणार, इतकंच.

तिसरी खूण दिवसांची. तेच जहाज शुक्रवारी निघालं की ऑफिसमधले गट, वाढदिवस, रात्री दोनपर्यंत डीजे. तेच मधल्या वारी निघालं की निवृत्त जोडपी जास्त. दिवाळी आणि मेच्या सुट्टीत मुलंच मुलं. सहल जेवढी लांब, तेवढी प्रवाशांची वयं वाढत जातात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे आपल्याला दिवाळीनंतरचे महिने बरे.

चौथी खूण केबिनच्या जागेची. जहाज हलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त जाणवतं. ज्यांना बस लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, मधली केबिन घ्यावी. पैसे भरण्याआधी जहाजाचा नकाशा उघडून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. मी आईला घेऊन एका जहाजावर गेले होते, नाव सांगत नाही. आमच्या बरोबर खाली नाचाचा हॉल होता. आईने दोन्ही रात्री गाण्यांचे शब्द ओळखण्यात घालवल्या.

एवढं सगळं झाल्यावर खरं बोलायचं ते बोलते.

आपल्या ग्रुपवर 'कोण येणार?' म्हटल्यावर अंगठ्यांची रांग लागली. पण त्यानंतर चौघांचे मला वेगळे फोन आले. त्यांना विचारून, नाव न घेता सांगते. एकाने पाच वर्षांपूर्वी दारू सोडली आहे, त्याला प्रत्येक संध्याकाळ बारच्या टेबलाशी नको आहे. एकीला गुडघ्यामुळे जिने जमत नाहीत. एक मैत्रीण आता एकटी आहे. तिने विचारलं, एकटीने गेलं तर दुप्पट पडतात का? जहाजाचं भाडं एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी सांगितलेलं असतं. एकट्याने केबिन घेतली तर बहुतेक कंपन्या जास्तीचे पैसे लावतात, कधी जवळपास दुसऱ्या माणसाचंही भाडं. चौथा म्हणाला, 'पैसे नाहीत हे ग्रुपवर लिहू शकत नाही गं, म्हणून अंगठा दिला. आयत्या वेळी काहीतरी कारण सांगेन.'

त्या रात्री मी जाहिराती बाजूला ठेवल्या. जहाजावर बाल्कनीवाले वर आणि खिडकी नसलेल्या केबिनवाले खाली अशी वाटणी झाली, तर शाळेने एका बाकावर बसवलेली मुलं आपणच पैसे भरून वेगळी केल्यासारखं होईल. आपल्या सहलीचं वातावरण जहाजाच्या आधी आपण ठरवणार आहोत.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. सहल देशातली असावी, म्हणजे सरकारी ओळखपत्र पुरतं, पासपोर्ट-व्हिसाचा खर्च नाही. मधल्या वारची, दोन-तीन रात्रींची असावी. केबिन सगळ्यांना एकाच दर्जाची, आणि एकटे येणाऱ्यांच्या जोड्या आधीच लावाव्यात. पेयं, इंटरनेट, सेवाशुल्क हे बहुतेक वेळा तिकिटाबाहेर असतं, ते धरूनच रक्कम जाहीर करावी. पिणाऱ्यांनी आपापलं बिल आपापलं द्यावं. संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यांनी उघड्या डेकवर, बारपासून लांब, एकत्र बसावं. त्यानंतर कुणी नाचावं, कुणी झोपावं. आणि एक निधी असावा, ज्यात कोणी किती घातले आणि कोणासाठी वापरले हे फक्त आपल्या निवृत्त सरांना ठाऊक असेल. सरांना मी विचारलं आहे, ते हो म्हणाले.

शिवाय त्याआधी एक रविवार काढू. अटल सेतू झाल्यापासून पनवेलहून भाऊचा धक्का खूप जवळ आलाय. तिथून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, साधारण तासाभराचा प्रवास. ज्यांना मोठी सहल जमणार नाही, ते या सहलीत असतील. कोणाला पाणी लागतं, कोणाला गर्दी नको, तेही तिथेच कळेल.

बाहेर चहाच्या टेबलावर कागद ठेवले आहेत. त्यावर चार प्रश्न आहेत. संध्याकाळ कशी हवी? किती रुपये सहज जमतील? तब्येतीचं काही आहे का? कोणाबरोबर केबिन चालेल? पहिल्या तीन उत्तरांवर नाव लिहायचं नाही. चौथं उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर, नावासह. कागद घडी करून डब्यात टाकायचे. ते मोजले की मी जहाज सुचवेन. तोवर ग्रुपवर जहाजांचे फोटो टाकू नका, ही विनंती.