दारातल्या कुत्र्याची जात

आज एका साध्या प्रश्नाने सुरुवात करते. तुमच्या दारातला कुत्रा कोणत्या जातीचा? बहुतेकजणी म्हणतील, "अहो ताई, कसली जात? गावठी आहे." हे सांगताना आवाज जरा खाली येतो. पैसे मोजून आणलेल्या, कागद असलेल्या कुत्र्यापुढे आपला कुत्रा उगाच हलका वाटतो.

म्हणून आज इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या कुत्र्यांची गोष्ट सांगते. तिथे आज मिरवणाऱ्या काही जाती गरिबांच्या हातून, कामातून घडल्या.

रेल्वे येण्याआधी लंडनच्या लाखो माणसांना मांस कसं मिळायचं? जनावरं स्वतःच्या पायांनी चालत यायची. वेल्सच्या आणि स्कॉटलंडच्या डोंगरांतून शेकडो गुरांचे कळप निघायचे आणि काही आठवड्यांनी लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात पोचायचे. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चाल. त्याहून जास्त पळवलं तर गुरं वाळायची आणि भाव पडायचा. रस्ता टणक, म्हणून बैलांना आपल्याकडे ठोकतात तसे लोखंडी नाल ठोकायचे. पाळीव हंसही चालत न्यायचे. त्यांचे पाय आधी डांबरात आणि मग वाळूत बुडवायचे, म्हणजे त्यांना जणू जोडेच व्हायचे!

या वाटेवर बायकाही होत्या बरं का. वेल्सच्या मुली लंडनच्या बागांत खुरपणीला जायच्या. कधी या कळपांच्या सोबतीने जायच्या आणि चालता चालता हाताने मोजे विणायच्या.

एवढा मोठा कळप हाकायला माणसं मात्र थोडी. सगळी भिस्त कुत्र्यांवर. वेल्समधला ठेंगणा कॉर्गी तुम्ही फोटोत पाहिला असेल. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने आयुष्यभर हेच कुत्रे पाळले. पण कॉर्गी मुळात राजवाड्यातला नाही, तो गोठ्यातला. अडून बसलेल्या गाईच्या मागच्या खुराला तो हलकेच चावतो आणि लगेच जमिनीलगत दबतो. गाईची लाथ त्याच्या डोक्यावरून जाते. उंच कुत्र्याचं तिथे थोबाड फुटलं असतं. आता सांगा, त्याचे आखूड पाय हे व्यंग की हत्यार?

स्कॉटलंडच्या या माणसांची एक आठवण सांगतात. गुरं विकली की काहीजण इंग्लंडात सुगीच्या कामाला थांबायचे आणि कुत्र्याला एकट्यालाच घरी धाडायचे. आलेल्या वाटेने तो परत जायचा. वाटेतल्या खानावळींत त्याला खायला घालायचे आणि मालक पुढच्या खेपेला ते पैसे चुकते करायचा. केवढा हा विश्वास, माणसांमधला आणि कुत्र्यावरचाही!

आता दुसरी गोष्ट, लर्चर नावाच्या कुत्र्याची. ग्रेहाउंड म्हणजे लांब पायांचा, वाऱ्यासारखा पळणारा शिकारी कुत्रा. पण 1671 साली इंग्लंडात कायदा झाला. ज्याची जमीन वर्षाला शंभर पौंडांचं उत्पन्न देते, त्यानेच साधारणपणे शिकार करायची आणि असे कुत्रे ठेवायचे. शंभर पौंड ही तेव्हा फार मोठी रक्कम. जमीनदारांच्या रखवालदारांना गरिबांच्या घराची झडती घेऊन कुत्रा जप्त करता यायचा. हा निर्बंध 1831 पर्यंत टिकला. म्हणजे शेतात ससा पीक खातोय, घरात पोरं उपाशी, आणि ससा मारला तर शिक्षा!

गरिबांनी वाट काढली. ग्रेहाउंडचा संकर मेंढरं राखणाऱ्या कॉली कुत्र्याशी, गुरं हाकणाऱ्या झिपऱ्या कुत्र्याशी केला. ग्रेहाउंडकडून पाय आले, राखणीच्या कुत्र्याकडून डोकं. तो मुकाट्याने काम करायचा, हाक ऐकायचा, थंडी-पाऊस सोसायचा, आणि झिपऱ्या केसांमुळे साधा राखणीचा कुत्राच वाटायचा. लर्चर हे नावही दबा धरणाऱ्याला दिलेलं, म्हणजे जवळजवळ शिवीच. या कुत्र्याला मान नव्हता, पण त्याच्यामुळे कितीतरी चुलींवर हंडी चढली.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि गुरांचं चालणं संपलं. 1855 साली स्मिथफील्डचा जिवंत जनावरांचा बाजारही तिथून हलवला. मग कुत्र्यांची प्रदर्शनं आली, वंशावळीच्या वह्या आल्या. ज्यांची नावं वहीत चढली, त्या जाती टिकल्या. पण काम गेलं आणि नावही लिहिलं गेलं नाही, असे राखणीच्या कुत्र्यांचे काही प्रकार कायमचे मिटले. ते निकामी होते म्हणून नव्हे, तर कोणी त्यांची किंमत केली नाही म्हणून.

मैत्रिणींनो, आपले धनगर बांधव आजही मेंढरं घेऊन चालतात. घोड्यावर बिऱ्हाड लादून त्यांच्या बायका पुढचा तळ गाठतात आणि रात्री लांडग्याची चाहूल कुत्र्यालाच आधी लागते. त्या कुत्र्याच्या मागेही पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आहे. आपण मात्र त्याला 'गावठी' म्हणून मोकळ्या होतो.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे शेळ्या आहेत, त्यांनी पिल्लू घेताना आधी त्याची आई बघा. ती शेळ्यांच्या अंगावर जाते का? हाकेला येते का? रात्री जागते का? चांगल्या कुत्रीची पिल्लं कोणाकडे गेली, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या आणि ती दरवर्षी चुकवू नका. आणि घरातल्या पोरांना सांगा, कुत्रा घेऊन सशाच्या मागे जायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

पुढच्या वेळी कोणी विचारलं, "कुत्रा कोणत्या जातीचा?" तर आवाज खाली आणू नका. सांगा, "राखणीच्या जातीचा."