राखेआधीचे पॉम्पेई

इटलीतल्या पॉम्पेईचे नाव निघाले की व्हेसुव्हियस ज्वालामुखी आठवतो आणि राखेत गाडली गेलेली माणसे आठवतात. पण इसवी सन 79 च्या त्या संकटाआधी हे शहर कित्येक शतके नांदत होते. ते नांदते शहर दाखवणारे ‘अँटिक्वेरियम’ हे संग्रहालय उत्खननाच्या आवारातच आहे. 25 जानेवारी 2021 रोजी ते नव्या, कायमस्वरूपी मांडणीसह खुले झाले.

मूळ संग्रहालय मात्र जुने, 1870 च्या दशकातले. उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फिओरेल्ली यांनी ते उभारले. घट्ट झालेल्या राखेत देह कुजून गेले होते, त्यांच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या. 1863 मध्ये फिओरेल्लींनी त्यांत प्लास्टर ओतले आणि राख खरवडल्यावर माणसे दिसली, अंगावरच्या कपड्यांच्या चुण्यांसकट!

1943 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी पॉम्पेईवर दीडशेहून अधिक बॉम्ब टाकले. ज्वालामुखीतून वाचलेल्या कितीतरी वस्तू संग्रहालयाच्या छताखाली चिरडल्या गेल्या. पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मैउरी यांनी ते पुन्हा बांधून घेतले आणि 1948 मध्ये, उत्खननाला 200 वर्षे झाली तेव्हा, उघडले. पुढे 1980 च्या भूकंपाचा तडाखा बसला आणि 2016 पर्यंत दारे बंद राहिली.

आजची मांडणी रोमनांच्याही आधीच्या सॅमनाइट लोकांपासून सुरू होते. हे फार योग्य झाले. मृत्यूचे दृश्य आधी पाहिले की माणसे नुसती हळहळतात. पॉम्पेईकरांची भित्तिचित्रे आणि चांदीची भांडी आधी पाहिली, की गेले ते कोण होते हे कळते.

पॉम्पेईचे एक नाते आपल्याशीही आहे. मैउरींच्याच उत्खननात 1938 मध्ये एका घरात सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ती ओळखली जाते, पण काही अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती शिल्पे आपल्या मराठवाड्यातल्या तेरला आणि भोकरदनला मिळाली आहेत. सातवाहनकाळात तेर आणि पैठणचा माल भडोचच्या बंदरात जाई, तिथून जहाजे पश्चिमेकडे निघत. मूर्ती नेमकी कुठे घडली यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मराठवाड्याचा दावा मात्र भक्कम आहे.

ही मूर्ती आज पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी अँटिक्वेरियम पाहून झाल्यावर नेपल्ससाठी निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा.