माझ्या पगारावरचा विमा

मी अमेरिकेची नागरिक, नवरा मिरजेचा. त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असतानाच माझी नोकरी गेली. "बेकारी भत्ता घेऊ नकोस, सरकारवर बोजा ठरवून त्याचा अर्ज फेटाळतील," असं सगळे नातेवाईक म्हणाले. त्या धाकाने मी पाच आठवडे गप्प बसले. घरभाडं क्रेडिट कार्डावर गेलं.

मग नियम वाचले. हा भत्ता म्हणजे १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून आलेला विमा. बहुतेक राज्यांत त्याचा कर मालकच भरतो. रक्कम ठरते ती माझ्या आधीच्या पगारावर. १९९९चं मार्गदर्शन आणि २०२२चा नियम, दोन्हींत हा भत्ता 'बोजा' म्हणून मोजलेला नाही. मी अर्ज केला, भत्ता सुरू झाला. गेलेले पाच आठवडे मात्र हातचे गेले.

तुम्ही स्वतः एच-वन-बी वर असाल, तर गोष्ट वेगळी. तिथे नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत असते, आणि भत्ता सहसा मिळत नाही.

नियम बदलत राहतात. म्हणून आजचा नियम वकिलाला विचारा, फॅमिली ग्रुपला नको. खैरात घ्यायला लाज वाटणं मी समजू शकते. हा तर आपला हक्क आहे.