पुसलेले विजेतेपद



1971 साल म्हटले की आपल्याकडच्या क्रीडाप्रेमींना त्रिनिदादमधले पोर्ट ऑफ स्पेन आठवते. अजित वाडेकरांचा संघ, दिलीप सरदेसाईंचे शतक, सुनील गावसकरांचे पदार्पण आणि वेस्ट इंडीजवरचा आपला पहिला कसोटी विजय. मला आज त्याच वर्षाच्या एका वेगळ्या विजयाबद्दल बोलायचे आहे. त्याच त्रिनिदाद बेटावरून शिकायला गेलेली काही मुले त्यात होती. खेळ होता फुटबॉल, ज्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात, आणि संघ होता वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचा.

हे हॉवर्ड विद्यापीठ 1867 साली स्थापन झाले. यादवी युद्ध संपून, गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम दोन वर्षे झाली होती. कृष्णवर्णीयांना उच्च शिक्षणाची दारे उघडणाऱ्या संस्थांत ते अग्रभागी राहिले. शाळांमधला वर्णभेद न्यायालयात मोडून काढणारे थर्गुड मार्शल इथेच कायदा शिकले. कॅरिबियन बेटांवरून आणि आफ्रिकेतून विद्यार्थी इथे येत, आणि येताना फुटबॉल घेऊन येत. 1961 मध्ये प्रशिक्षक टेड चेंबर्स यांच्या हाताखाली हॉवर्डने लहान महाविद्यालयांच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पण मोठी स्पर्धा नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशनची, म्हणजे एनसीएएची. तिचे विजेतेपद कुठल्याच कृष्णवर्णीय विद्यापीठाला, कुठल्याच खेळात, पहिल्या श्रेणीत मिळाले नव्हते.

1970 मध्ये लिंकन फिलिप्स प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः त्रिनिदादचे, राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक, अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. गोलरक्षकाला मैदानाच्या एका टोकाला उभे राहून सगळा खेळ समोर मांडलेला दिसतो. फिलिप्स यांची नजर तशी होती, असे मला त्यांच्याविषयी वाचताना सतत वाटते. त्रिनिदाद, जमैका, नायजेरिया अशा ठिकाणांहून आलेल्या, वेगवेगळ्या ढंगाने खेळणाऱ्या मुलांचा त्यांनी एक संघ केला.

30 डिसेंबर 1971. मायामीचे ऑरेंज बोल मैदान. अंतिम सामन्यात समोर होते सेंट लुई विद्यापीठ, मागच्या दोन वर्षांचे विजेते. सेंट लुई हे अमेरिकेतले फुटबॉलचे शहर. तिथल्या कॅथलिक वस्त्यांत मुले लहानपणापासून चर्चच्या संघांतून खेळत आणि त्यांतलीच निवडक विद्यापीठाच्या संघात जात. त्यांचे प्रशिक्षक हॅरी किओ 1950 च्या विश्वचषकात इंग्लंडला 1-0 असे हरवणाऱ्या अमेरिकन संघात बचावपटू होते. अशा संघाला हॉवर्डने 3-2 असे हरवले.

आणि मग चौकशी सुरू झाली.

इथे मला थोडे थांबून नियम सांगितले पाहिजेत, कारण खरा अन्याय त्यांच्या तपशिलात आहे. एक नियम असा होता की, विद्यार्थ्याचे शाळेतले गुण आणि प्रवेशपरीक्षेचे गुण यांवरून कॉलेजात त्याची सरासरी किमान 1.600 येईल असा अंदाज निघाला, तरच त्याने खेळायचे. परीक्षा अमेरिकन, कोष्टके अमेरिकन. कॅरिबियन मुले इंग्रजी पद्धतीच्या शालान्त परीक्षा देऊन आलेली. मुलगा वर्गात प्रत्यक्ष कसा शिकतो आहे, याला या नियमात जागाच नव्हती. दुसरा नियम तर उघडच परदेशी विद्यार्थ्यांपुरता होता. वयाच्या एकोणिसाव्या वर्षानंतर त्याने परदेशात तो खेळ खेळला असेल, तर तसे प्रत्येक वर्ष त्याच्या कॉलेजातल्या खेळाच्या वर्षांतून वजा करायचे. म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये नोकरी करून संध्याकाळी क्लबकडून खेळलेला मुलगा तीन वर्षांनी हॉवर्डला आला, तर त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरत नसे. अमेरिकन नागरिकाला हा नियम नव्हता.

या आणि अशाच नियमांवर बोट ठेवून 1971 चे विजेतेपद रद्द केले गेले. 1973 च्या हंगामात राष्ट्रीय स्पर्धेत खेळायलाही हॉवर्डला बंदी झाली. 1.600 चा तो नियम एनसीएएने त्याच 1973 मध्ये स्वतःच मागे घेतला, शिक्षा मात्र तशीच ठेवली.

हॉवर्ड न्यायालयात गेले. परदेशी विद्यार्थ्यांपुरता असलेला नियम समान संरक्षणाच्या घटनात्मक तत्त्वाविरुद्ध आहे, असा निकाल जिल्हा न्यायालयाने दिला आणि 1975 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. बाकीचे नियम मात्र न्यायालयाने वैध ठरवले, त्यामुळे विजेतेपद परत मिळाले नाही.

त्या मुलांनी मात्र निकालाची वाट पाहिली नव्हती. 1974 चा हंगाम मला सगळ्यात विलक्षण वाटतो. बंदी उठलेली, प्रत्येक कागद तपासलेला, आणि हॉवर्ड एकामागून एक सामने जिंकत गेले. संपूर्ण हंगामात 63 गोल केले, स्वतःवर फक्त 6 होऊ दिले. आणि अंतिम सामन्यात समोर पुन्हा सेंट लुई, तेही त्यांच्याच गावात, बुश स्टेडियमवर. 1972 आणि 1973 ची स्पर्धा जिंकून ते लागोपाठ तिसऱ्या विजेतेपदासाठी उतरले होते. नियमित वेळेत 1-1 बरोबरी. जादा वेळेचे पहिले सत्र गेले, दुसरे गेले, तिसरेही गेले. चौथ्या सत्रात नायजेरियाच्या केनेथ इलोडिग्वेने गोल केला. 19 सामने, 19 विजय. हे विजेतेपद कुणालाही पुसता आले नाही, आणि पहिल्या श्रेणीत ते मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यापीठ म्हणून हॉवर्डचे नाव लागले.

त्यानंतर 1988 मध्ये कीथ टकर यांच्या मार्गदर्शनाखाली हॉवर्ड पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले, पण इंडियाना विद्यापीठाच्याच मैदानावर त्यांच्याकडून 0-1 असे हरले. हॉवर्डच्या फुटबॉलचा पुढचा काळ तितका झळाळता नाही.

1950 चा तो सामना मी मघाशी सांगितला, ज्यात हॅरी किओ खेळले होते. इंग्लंडविरुद्धचा तो एकमेव गोल केला होता जो गेट्जेन्स यांनी. ते हैतीचे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आलेले, म्हणजे परदेशी विद्यार्थीच. त्यांचा गोल अमेरिकेने अभिमानाने आपला म्हटला. एकवीस वर्षांनी शेजारच्याच बेटांवरून शिकायला आलेल्या मुलांचे गोल मात्र तिथल्या महाविद्यालयीन खेळाने अमान्य केले.

एनसीएएच्या यादीत 1971 च्या विजेत्याची जागा रिकामी आहे. उपविजेत्यालाही ती दिलेली नाही. सामना झाला, 3-2 ने सुटला, याबद्दल कुणाचाच वाद नाही. परदेशी मुलांना वगळणारा नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, गुणांच्या अंदाजाचा नियम करणाऱ्यांनीच सोडला. मग त्या जागी हॉवर्डचे नाव लिहिले पाहिजे, आणि त्या संघातली मुले, जी आता सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, ते वाचायला असतानाच लिहिले पाहिजे.