काटा हलला नाही म्हणून

(चंद्रपूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका विज्ञान शिक्षिकेने केलेले भाषण)



मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पदवी पदार्थविज्ञानाची. मग कायदा कशाला शिकलात, असे मला नेहमी विचारतात.

वर्गातल्या एका मुलीची आई मधल्या सुटीत भेटायला आली होती. शेजारणीचे म्हणून सांगू लागली. शेवटी म्हणाली, "बाई, अंगावर वळ नाही, तं पोलीस खरं मानतीन का?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधायला मी नोकरी सांभाळून कायद्याच्या वर्गात जाऊन बसले.

तिथे मथुरा प्रकरणाचा निकाल वाचला. घटना आपल्याच भागातली. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२ मध्ये झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली; भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हटले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. कारण काय? अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. म्हणजे संमती असावी!

बायांनो, माझा दहावीचा विद्यार्थीही अशी चूक करणार नाही. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला नाही, तर तो लगेच "वीजप्रवाह नाही" असे लिहीत नाही. तार सैल आहे का, प्रवाह इतका कमी आहे का की हे उपकरण तो दाखवूच शकत नाही, हे आधी पाहतो. ठाण्याचे दार आतून बंद, समोर वर्दीतले पुरुष. अशा ठिकाणी जखम हे मोजायचे माप कसे होईल?

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून हेच विचारले. १९८० मध्ये देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि "माझी संमती नव्हती" असे बाईने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच धरून चालायचे. २०१३ मध्ये आणखी स्पष्ट झाले : केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही. २०२४ पासूनच्या नव्या कायद्यांतही हे कायम आहे.

त्या आईला आज मी सांगू शकते : वळ नसला तरी तक्रार होते. कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचे कारण चालत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. कपडे धुऊ नका, ते जपून ठेवा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

वकिली मात्र मी केली नाही. कारण उद्याचा फौजदार, डॉक्टर, न्यायाधीश आज कोणाच्या तरी वर्गात बसला आहे. "कशावरून?" हा प्रश्न नीट विचारायला तो तिथेच शिकेल, किंवा कधीच शिकणार नाही. म्हणून मी अजून खडू सोडलेला नाही.