पुलाची शाकारणी

श्रोतेहो, मृग आठ-पंधरा दिवसांवर आला म्हणजे आमच्या कौलारू घरी शाकारणीची धांदल उडे. कौले उतरवावीत, फुटकी वेगळी काढावीत, रिपा आणि वासे ठोकून पाहावेत, पुन्हा कौले चढवावीत, आणि हे सर्व आटोपल्यावर, ऊन कलले असताना व गड्यांचे हात भरून आले असताना, आढ्यावरचे कोने चुन्यात बसवावेत, असा शिरस्ता होता. घर गळे ते मात्र बहुधा या कोन्यांपाशीच. कारण सर्वांत नाजूक काम सर्वांत शेवटी, सर्वांत घाईने व सर्वांत थकल्या हातांनी होई. वडील म्हणून शिडीच्या पायथ्याशी ठाण मांडून बसत आणि शेवटचा कोना बसेपर्यंत गड्यांना चहा देऊ देत नसत.

पुलाविषयी बोलण्याची आज्ञा असताना मी छपरावर का चढलो, असे आपणांस वाटेल. परंतु ज्याला आम्ही डेक स्लॅब म्हणतो, तो पुलाचा काँक्रीटचा पाट आपल्याला केवळ रस्ता वाटत असला, तरी खालच्या गर्डरांच्या दृष्टीने ते छप्परच होय. चाकांचा मार, पावसाचे पाणी, समुद्राकाठची खारी हवा, आणि थंड मुलुखांत बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर पसरलेले मीठ, हे सारे तो अंगावर घेतो. म्हणूनच गर्डर व खांब धडधाकट असताना पाट मात्र आधी जीर्ण होतो, व आतल्या सळ्या गंज चढून फुगल्या म्हणजे त्याचे पापुद्रे सुटू लागतात.

अशा वेळी काय करावे? जुनी रीत म्हणजे पूल महिनोन् महिने अर्धा बंद ठेवून, जागेवर लाकडी साचे बांधून, सळ्या विणून, काँक्रीट ओतून त्यावर पाणी मारीत बसणे. नवी रीत शाकारणीसारखी आहे. पाटाचे मोठमोठे तुकडे दूर कास्टिंग यार्डात सवडीने ओतावेत, त्यांचे आकुंचन तेथेच होऊन जाऊ द्यावे, आणि मग एखाद्या शनिवार-रविवारी जुना पाट करवतीने कापून उचलावा व नवे तुकडे क्रेनने मांडावेत. गर्डरांवर जडविलेल्या पोलादी खुंट्या तुकड्यांतल्या खाचांत शिरतात आणि त्या खाचा घट्ट मसाल्याने भरल्या की पाट व गर्डर एकजीव होतात.

अमेरिकेत बोस्टनजवळ मेडफर्ड गावी हा प्रयोग मोठ्या हिमतीने झाला. तेथल्या राजमार्गावरून दिवसाला सुमारे दोन लाख वाहने जातात. २०१० च्या ऑगस्टात त्यावरील एका पुलाच्या पाटाचा तुकडा निखळून भगदाड पडले, तेव्हा त्या टापूतील चौदा जुने पूल एकदमच बदलण्याचे ठरले. चालू रीतीने जे काम चार वर्षे चालले असते, ते २०११ च्या उन्हाळ्यात दहा आठवडाअखेरींत उरकले. दर खेपेस ५५ तासांची मुदत असे. दोन्ही बाजूंची रहदारी एका अंगावर वळवावी, दुसरे अंग उतरवावे, गर्डरसकट तयार तुकडे जुन्या खांबांवर ठेवावेत आणि सोमवारी पहाटे रस्ता मोकळा करावा. आपल्याकडे रेल्वे मेगाब्लॉक घेऊन गर्डर चढविते, तिच्या अभियंत्यांना ही धडधड चांगली परिचयाची आहे.

वर्तमानपत्रांनी क्रेनची छायाचित्रे छापली. माझी तक्रार आहे ती येथेच. क्रेनचे काम डोळ्यांत भरते, पण पूल टिकतो वा गळतो तो दोन तुकड्यांमधल्या सांध्यावर, म्हणजे पुलाच्या कोन्यावर. आणि तो सांधा भरला जातो रविवारी मध्यरात्रीनंतर, मक्तेदाराचा एक डोळा घड्याळावर असताना!

सांध्यात ओतावयाचे काँक्रीट ताजे आणि दोहों बाजूंचे जुने. जुने काँक्रीट तहानलेले असते. त्याच्या कडा आधी पाण्याने भिजवून तृप्त केल्या नाहीत, तर ते ताज्या काँक्रीटमधले पाणी शोषून घेते, व जेथे मीलन व्हावयाचे तेथेच केसासारखी फट राहते. कडा गुळगुळीत असल्या तरी तेच. त्या खरबरीत हव्यात, गोटे उघडे पडलेल्या. एवढी साधी गोष्ट, भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्याला ठाऊक असलेली. पण एका कामावर, ते कोणाचे हे सांगत नाही, कोरड्या कडांवर काँक्रीट ओतताना मी पाहिले आहे. पाण्याचा टँकर वीस पावलांवर उभा होता.

न्यूयॉर्क राज्याने २००९ पासून अशा सांध्यांत एक विलक्षण दाट, केसासारखे पोलादी तंतू मिसळलेले काँक्रीट वापरावयास आरंभ केला. सळ्यांवर त्याची पकड अशी, की एरवी हातभर लागणारा सळ्यांचा परस्पर-आधार वीतभर फटीतही पुरतो. सांधा जितका अरुंद, तितके जागेवरचे ओतकाम कमी. ते महाग आहे, हे कबूल. परंतु ते सांध्यापुरतेच लागते. सगळे घर कोणी शिशाने मढवीत नाही. आणि तेथेही, श्रोतेहो, कडा भिजवाव्याच लागतात!

मुंबईत मेट्रोचे गर्डर यार्डांत ओतले गेले, तेव्हा तुकडे घडविण्याची विद्या आपल्यापाशी नाही असे नव्हे. पण पणजीचा मांडवीवरील पूल १९८६ च्या जुलैत कोसळला तो अवघा १६ वर्षांचा होता. तेथील प्रश्न आजच्या सांध्यांचा नव्हता. काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या तारांचा होता. तरीही खारी ओल आपल्या किनाऱ्यावर कशी आत शिरते, ते तेव्हाच दिसून आले. मुदतीआधी काम संपविणाऱ्यास बक्षीस द्यावे, याला माझी हरकत नाही. मात्र दोन पावसाळे सांधा कोरडा राहीपर्यंत त्यातला काही भाग दप्तरी अडकवून ठेवण्याची तजवीज करारात—

पण मला दिलेली मिनिटे सरत आली, आणि निविदांचा विषय दोन वाक्यांत मावणारा नाही. एवढेच करा: यंदा पावसाची झड लागली, म्हणजे सुरक्षित जागा पाहून गावच्या पुलाखाली उभे राहा आणि वर पाहा. सांध्यापाशी पांढरे ओघळ उतरलेले दिसतील, तर पाणी आत शिरून काँक्रीटमधला चुना घेऊन बाहेर येत आहे. तारीख घालून बांधकाम खात्याला पोस्टकार्ड टाका, आणि कोणत्या खांबाजवळ, तेही लिहा.