सोन्याच्या खाणी, सिलिकाची धूळ आणि क्षयरोग

(पक्षाच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एचआयव्हीची बाधा झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत दहा पटींहून अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे साडेबारा लाख माणसे क्षयरोगाने दगावली. त्यांपैकी १ लाख ६१ हजार एचआयव्हीबाधित होती. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आजही क्षयरोग हेच आहे.

परंतु ही सारी सरासरी झाली. एकच विषाणू अंगात वागवणाऱ्या दोघांपैकी एकाला क्षय जडतो आणि दुसऱ्याला जडत नाही, याचा उलगडा सरासरीतून होत नाही. कामगार चळवळीच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सुवर्णखाणींत जितके स्पष्ट सापडते, तितके क्वचितच अन्यत्र सापडेल.

एकाच तटबंदीवर दोन आघात

क्षयाचे जंतू हवेवाटे फुप्फुसात शिरतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. परंतु त्यांना मारण्यासाठी किंवा कोंडून ठेवण्यासाठी या पेशींना रक्तातील सीडी-४ पेशींची चेतावणी लागते. ही व्यवस्था शाबूत असेल तर जंतू शिरलेल्या शंभर माणसांपैकी आयुष्यभरात पाच ते दहाच आजारी पडतात. एचआयव्ही नेमक्या सीडी-४ पेशींचाच नाश करतो. उपचार न मिळाल्यास, जे संकट आयुष्यभरात दहांतील एकावर यावयाचे, ते जवळजवळ दर वर्षी येऊ लागते. शिवाय हा धोका एड्सच्या अखेरच्या अवस्थेतच वाढतो, असेही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सुवर्णखाणीतील कामगारांच्या नोंदींवरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, विषाणूची बाधा झाल्यापासून पहिल्याच वर्षात क्षयाचे प्रमाण दुप्पट होते.

आता धुळीकडे वळू या. सोने ज्या खडकात असते त्यात गारगोटीचा, म्हणजे सिलिकाचा अंश मोठा असतो. सुरुंग उडवताना व छिद्रे पाडताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत तरंगतात आणि फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. भक्षक पेशी हे कणही गिळतात. परंतु त्यांना पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. तेथे व्रण व गाठी बनतात. हाच सिलिकोसिस. त्यावर गुणकारी औषध नाही, आणि कामगार खाण सोडून घरी गेला तरी तो वाढतच राहतो. सिलिकोसिस झालेल्या माणसाला एचआयव्ही नसतानाही क्षयाचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो.

तात्पर्य, सिलिका भक्षक पेशींना मारते आणि एचआयव्ही त्यांना आज्ञा देणाऱ्या पेशींना मारतो. एकाच तटबंदीवर हे दोन बाजूंनी होणारे आघात आहेत. म्हणूनच या दोहोंच्या धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, असे खाणकामगारांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून सिद्ध झाले. उदाहरणच घ्यावयाचे तर, एका कारणाने धोका तिप्पट आणि दुसऱ्याने पाचपट होत असेल, तर दोन्ही असलेल्या माणसाचा धोका आठपट नव्हे, पंधरापट होतो. कुपोषण, तंबाखू, दारू, मधुमेह, पूर्वी होऊन गेलेला क्षय आणि कोंदट गर्दीची निवासस्थाने ही आणखी कारणे आहेत. ज्याच्या वाट्याला ती येतात त्याचा भार आणखी वाढवतात.

हा धोका घडवला कोणी?

विटवॉटर्सरँडवर १८८६ साली सोने सापडले. खोल खाणींतील हलक्या प्रतीच्या खनिजातून नफा काढावयाचा, तर मजुरी अत्यंत स्वस्त हवी होती. त्यासाठी मोझांबिक, लेसोथो, मलावी, ट्रान्सकाय अशा दूरदूरच्या प्रदेशांतून कराराने पुरुष आणले गेले. कुटुंबाला सोबत येण्यास मनाई होती. खाणमालकांच्या कुंपणबंद वसतिगृहांत एकेका खोलीत दहा-पंधरा माणसे झोपत. महिनोन् महिने घरापासून तोडलेल्या पुरुषांच्या या वस्त्यांभोवती लैंगिक रोग पसरणार, हे सांगावयास वैद्यकशास्त्राची गरज नव्हती. एखादा कामगार क्षयाने खंगू लागला की, त्याची रवानगी गावी होई. उपचाराचा खर्च कंपनीच्या हिशेबातून वजा होई आणि रोग लेसोथोच्या डोंगरांत व ट्रान्सकायच्या खेड्यांत पोहोचे.

कायदा नव्हता असे नाही. खाणकामगारांच्या फुप्फुसरोगांसाठी भरपाईचा कायदा तेथे १९१२ सालीच झाला. परंतु गोऱ्या व काळ्या कामगारांच्या फुप्फुसांची किंमत त्यात वेगवेगळी होती. १९७३ सालच्या कायद्यातही हा वर्णभेद कायम राहिला. तो दूर होण्यास १९९३ साल उजाडावे लागले. ऑगस्ट १९४६ मध्ये कम्युनिस्ट नेते जे. बी. मार्क्स यांच्या अध्यक्षतेखालील आफ्रिकी खाणकामगारांच्या युनियनने मजुरीवाढीसाठी संप पुकारला, तेव्हा साठ हजारांहून अधिक कामगार त्यात उतरले. पोलिसांनी बळाचा वापर करून तो मोडून काढला. अनेक कामगार मारले गेले.

१९७० च्या दशकापासून अल्पमुदतीच्या कराराऐवजी तेच कामगार वर्षानुवर्षे खाणीत राहू लागले. साहजिकच धुळीचा संपर्कही लांबला. मृत खाणकामगारांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी याची साक्ष देतात : काळ्या सुवर्णखाण कामगारांत सिलिकोसिसचे प्रमाण १९७५ साली ३ टक्के होते, ते २००७ साली ३२ टक्के झाले. याच काळात एचआयव्ही आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो या कामगारांत नगण्य होता. २००० च्या सुमारास जवळजवळ दर चौथा कामगार बाधित होता. दोन्ही रेषा एकाच वेळी वर चढल्या आणि १ लाख सुवर्णखाण कामगारांमागे दर वर्षी अडीच ते तीन हजार क्षयरुग्ण अशी भयावह अवस्था झाली. जागतिक आरोग्य संघटना १ लाखामागे २५० रुग्णांना आणीबाणी समजते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

दोन चुका

या प्रश्नाचा विचार करताना दोन चुका झाल्या. दोन्हींची किंमत कामगारांनी मोजली.

पहिली चूक अशी की, सारे काही एका गोळीने भागेल. २००६ साली १५ सुवर्णखाणींत एक मोठा प्रयोग सुरू झाला. निवडलेल्या खाणींतील सर्व कामगारांना, एचआयव्ही असो वा नसो, नऊ महिने आयसोनियाझिड हे प्रतिबंधक औषध देऊ केले गेले. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेत असेपर्यंत क्षयाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. औषध थांबताच संरक्षण झपाट्याने ओसरले, आणि त्या खाणींतील एकूण क्षयरोग काही घटला नाही. औषध खोटे ठरले असा याचा अर्थ नव्हे. घेणाऱ्याला त्याने राखले. परंतु कामगार पुन्हा त्याच धुळीत उतरत होता आणि त्याच हवेत नव्याने बाधित होत होता. भोवतालची परिस्थिती न बदलता माणसाला काही महिने छत्री दिली, तर छत्री मिटताच तो भिजणारच.

दुसरी चूक याच्या अगदी उलट, आणि डाव्या कार्यकर्त्याने अधिक बारकाईने पाहावी अशी आहे. जुलै २००० मध्ये दरबान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेपुढे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी पराकोटीचे दारिद्र्य हाच जगातील सर्वांत मोठा मारेकरी असल्याचे प्रतिपादन केले. दारिद्र्याविषयी ते खोटे बोलत नव्हते. परंतु एचआयव्हीमुळे एड्स होतो, या सिद्ध गोष्टीविषयीच त्यांच्या सरकारने संशय निर्माण केला आणि विषाणूविरोधी औषधे लांबणीवर टाकली. या विलंबामुळे तीन लाखांहून अधिक प्राण गेले, असा अंदाज पुढे २००८ साली संशोधकांनी मांडला. सत्ताधारी पक्षाशी आघाडी असतानाही कोसाटू ही कामगार महासंघटना औषधांच्या मागणीसाठी रुग्णांच्या चळवळीबरोबर उभी राहिली; नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारला सार्वत्रिक उपचाराची योजना मान्य करावी लागली. हे औषधोपचार नियमित मिळाल्यास एचआयव्हीबाधितांतील क्षयाचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटते.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. विषाणूचे नाव घेऊन खाणमालकाला मोकळे सोडणे जितके चूक, तितकेच दारिद्र्याचे नाव घेऊन रुग्णाचे औषध अडवणेही चूक. विषाणू ही वस्तुस्थिती आहे, आणि धूळ हीही वस्तुस्थितीच आहे. जो भौतिकवाद यांपैकी एकीकडे पाठ फिरवतो, तो भौतिकवादच नव्हे.

न्यायासाठी लढा

२०११ साली दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने निर्णय दिला की, भरपाईच्या कायद्याखाली तुटपुंजी रक्कम मिळू शकणाऱ्या कामगारालाही खाणमालकावर स्वतंत्र दावा लावता येतो. २०१६ साली सिलिकोसिस व क्षयाने ग्रस्त कामगारांच्या सामूहिक दाव्याला उच्च न्यायालयाने अनुमती दिली. २०१८ साली सहा कंपन्यांनी दोष कबूल न करता किमान ५०० कोटी रँडच्या निधीची तडजोड केली, आणि २०१९ साली न्यायालयाने तिला मान्यता दिली. १२ मार्च १९६५ नंतर खाणीत काम केलेल्यांसाठी ती आहे.

हा विजय लहान नाही. परंतु त्याच्या कडाही पाहिल्या पाहिजेत. क्षयाचा दावा खाणीत असताना, किंवा खाण सोडल्यापासून वर्षाच्या आत झालेल्या रोगापुरताच मान्य होतो. सिलिका मात्र वर्षाची मुदत पाळत नाही. तिने वाढवलेला धोका आयुष्यभर माणसाची पाठ सोडत नाही. कायद्याचे कॅलेंडर आणि फुप्फुसाचे कॅलेंडर यांतील या अंतराचा भार अखेरीस खाणकामगाराच्या पत्नीवर पडतो. गावी परतलेल्या रुग्णाची शुश्रूषा तीच करते, आणि संसर्गाच्या सर्वांत जवळही तीच असते.

भारतातील कार्य

कोलारच्या सुवर्णखाणी २००१ साली बंद झाल्या. परंतु सिलिका काही सोन्यापुरती मर्यादित नाही. राजस्थानातील दगडखाणी आणि देशभरातील दगड फोडण्याची, गारगोटी दळण्याची कामे यांत तीच धूळ आहे, आणि तेथेही बहुतेक कामगार ठेकेदाराच्या हाताखालचे, स्थलांतरित व अनोंदणीकृत आहेत. भारतातील क्षयरोगामागे कुपोषणाचा वाटा मोठा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील प्रयोगात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे यांचा जादा शिधा दिला असता, त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. शिधापत्रिकेची लढाई ही आरोग्याचीही लढाई आहे, याला आता शास्त्राची साक्ष आहे.

म्हणून युनियनच्या मागणीपत्रकात या गोष्टी एकत्रच असावयास हव्यात. पाणी मारून छिद्रण आणि धुळीचे नियमित मोजमाप, दर वर्षी क्ष-किरण तपासणी, व काम सोडल्यानंतरही ती चालू ठेवण्याचा हक्क, हवेशीर निवास आणि कुटुंबासह राहण्याची सोय, मोफत एचआयव्ही तपासणी, परंतु ती स्वेच्छेची व गुप्त, बाधितांना अखंड विषाणूविरोधी औषधे आणि क्षयप्रतिबंधक उपचार, पुरेसा आहार. २०१७ सालच्या एचआयव्हीविषयक कायद्याने नोकरीतील भेदभावाला बंदी केली आहे. तपासणीचा कागद कामावरून काढण्याचे हत्यार बनू न देणे, ही जबाबदारी कार्यकर्त्यांची आहे. कारण काम जाण्याच्या भीतीने जो कामगार खोकला लपवतो, तो उपचारालाही मुकतो आणि शेजाऱ्यालाही रोग देतो.

गुणाकाराचा नियम उलट दिशेनेही चालतो, कॉम्रेड्स. धूळ निम्मी केली आणि औषध वेळेवर दिले, तर दोन्हींचा लाभ एकमेकांस वाढवतो. खाणीत उतरणाऱ्या माणसाने औषध की धूळमुक्त हवा अशी निवड करावयाची नाही. दोन्ही त्याचीच आहेत, आणि दोन्ही त्याला संघटनेच्या बळावरच मिळणार आहेत.